मुलाच्या शाळेतला पहिला योम हाशोआ: इस्राएलला नव्याने आलेल्या मराठी आईबापांसाठी

पेसाख या ज्यू सणाची सुट्टी संपून शाळा सुरू झाली की थोड्याच दिवसांत वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेखानेखेतचा, म्हणजे वर्गशिक्षिकेचा, मेसेज येतो: अमुक दिवशी पांढरा शर्ट घालून पाठवा, पावणेदहाला तेकेस, म्हणजे समारंभ, आहे, उशीर नको. नव्याने आलेल्या आईला वाटतं, गॅदरिंग असेल. ती कौतुकाने मोबाइल चार्ज करून ठेवते. पण हा योम हाशोआ, म्हणजे शोआचा स्मृतिदिन, असतो. हिटलरच्या राजवटीत युरोपात मारल्या गेलेल्या ६० लाख ज्यूंची आठवण शाळेतली मुलं आपल्या हातांनी करतात. त्यात टाळ्या नसतात, खाऊ नसतो, ‘माझा बाळ्या स्टेजवर’ असला फोटोही नसतो.

आपल्या घरांची अडचण आणखी वेगळी आहे. मुंबई, ठाणे, अलिबाग, पेण इथून आलेल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, घरात शोआत गेलेलं माणूस सहसा नसतं. नोकरी किंवा संशोधनासाठी आलेल्या हिंदू मराठी घरात तर नसतंच. वर्गातली शेजारची मुलगी पणजीच्या बहिणींची नावं सांगते आणि आपलं पोर गप्प बसतं. हे आपलं नाही, आपण मागे उभं राहावं, असं त्याला वाटू लागतं, आणि खरं तर आईबापांनाही तसंच वाटत असतं. माझ्या मते मागे उभं राहायची काही गरज नाही. घरात नाव नसेल तर बाहेरचं एक नाव मुलाच्या वाट्याला देता येतं. त्याची तयारी घरी, थोडी आधीपासून करावी लागते. ती कशी करायची ते क्रमाने सांगते.

१. तारीख आणि शाळा, दोन्ही नीट समजून घ्या

योम हाशोआ हिब्रू पंचांगातल्या २७ निसानला असतो, त्यामुळे आपल्या गुढीपाडव्यासारखी त्याची इंग्रजी तारीख दरवर्षी हलते. २०२६ मध्ये १४ एप्रिल, २०२७ मध्ये ४ मे. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवसाला, धक्का लागू नये म्हणून २७ निसान शुक्रवारी आला तर दिवस गुरुवारी पाळतात आणि रविवारी आला तर सोमवारी. तेव्हा स्वतः हिशेब मांडत बसू नका, शाळेच्या वेळापत्रकात असेल तीच तारीख धरा. दिवस आदल्या संध्याकाळी सुरू होतो, हे मात्र लक्षात ठेवा.

हीच तारीख का, हे मूल विचारणारच. पोलंडमधल्या वॉर्सा शहरात जर्मनांनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतल्या, म्हणजे घेट्टोमधल्या, ज्यूंनी जर्मनांविरुद्ध हत्यार उचललं ते १९ एप्रिल १९४३ रोजी, पेसाखच्या आदल्या दिवशी. सणाच्या तोंडावर शोकदिन ठेवता येत नाही, म्हणून सण संपल्यानंतरची तारीख ठरली. क्नेसेटने, म्हणजे इथल्या संसदेने, १९५१ मध्ये ती मुक्रर केली आणि १९५९ मध्ये त्याचा कायदा झाला. दिवसाच्या पूर्ण नावात ‘शोआ’बरोबर ‘शौर्य’ही आहे, ते या उठावामुळे. मुंबईची मावशी जानेवारीतच फोन करून ‘आज तुमच्याकडे तो दिवस ना?’ म्हणाली तर तिचंही चुकत नाही. नाझींनी ज्यूंना नेऊन मारलं ती आउशवित्झ छावणी २७ जानेवारी १९४५ ला मुक्त झाली आणि संयुक्त राष्ट्रांनी २००५ मध्ये ती तारीख जगासाठी ठरवली. इस्राएलच्या शाळा निसानचीच पाळतात.

आता शाळा. सरकारी सर्वसाधारण शाळा (ममलख्ती) आणि सरकारी धार्मिक शाळा (ममलख्ती-दाती), दोन्हींत तेकेस होतोच. धार्मिक शाळेत तेहिलीम (स्तोत्रं) आणि कद्दिश (मृतांसाठी म्हणायची प्रार्थना) यांवर भर जास्त. हरेदी, म्हणजे अतिकर्मठ ज्यूंच्या, शाळांत बहुधा हा दिवस असा पाळत नाहीत. ज्यांच्या मृत्यूची तारीखच ठाऊक नाही त्यांच्यासाठी रब्बीनेटने, म्हणजे इथल्या अधिकृत धर्मपीठाने, हिब्रू पंचांगातला १० तेवेत हा सामूहिक कद्दिशचा दिवस ठरवला आहे. शेजारच्या हरेदी घरातली मुलं त्या सकाळी नेहमीसारखी दिसली तर ‘यांना काहीच कसं वाटत नाही’ असं बोलून बसू नका. त्यांची आठवणीची रीत निराळी आहे.

मूल लहान असेल तर आणखी एक चौकशी करा: बालवाडीत काय सांगणार आहेत? २०१४ पासून शिक्षण खात्याचा बालवाडी ते बारावी असा वयानुसार अभ्यासक्रम आहे. चार-पाच वर्षांच्या मुलांना छावण्यांबद्दल सांगत नाहीत. ‘खूप वर्षांपूर्वी ज्यू लोकांना फार त्रास दिला गेला, आज आपण त्यांची आठवण काढतो, आज आपण सुरक्षित आहोत,’ एवढंच. गनेनेत, म्हणजे बालवाडीची बाई, जेवढं सांगते तेवढंच घरी सांगा. पुढचं सगळं आपण एका संध्याकाळी उरकून टाकावं, असा उत्साह नको.

२. घरातली भाषा आधी झाडून घ्या

हा मुद्दा इथे कुणी तोंडावर सांगत नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

आपल्याकडे कडक मास्तरांना ‘हिटलर’ म्हणतात. गंमत म्हणून म्हणतात, मनात काही वाईट नसतं. पुस्तकांच्या टपरीवर त्याचं आत्मचरित्र व्यवस्थापनाच्या पुस्तकांशेजारी मांडलेलं असतं आणि एखादे काका जेवताना ‘काही म्हणा, पण शिस्त लावली त्याने’ असं सांगून जातात. दिल्लीत धुकं वाढलं की बातमीत ‘राजधानीचं गॅस चेंबर’ होतं. आपलं पोर हे कानावर घेऊनच इथे आलेलं असतं. वर्गात सहज म्हणून त्याने गणिताच्या बाईंना हिटलर म्हटलं, तर पुढे काय होईल ते सांगायला नको. समोरच्या बाकावर बसलेल्या मुलीच्या आजोबांच्या हातावर छावणीचा नंबर गोंदलेला असू शकतो. मुलाला रागावण्याआधी मोठ्यांनी आपली जीभ आवरावी, आणि भारतातून व्हिडिओ कॉलवर येणाऱ्या काकांनाही आधी कल्पना द्यावी.

दुसरं, स्वस्तिक. हिंदू घरांसाठी हे अवघड आहे आणि त्यात कुणाचीही चूक नाही. उंबऱ्यावरच्या रांगोळीतलं, लग्नपत्रिकेवरचं, नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाने काढलेलं स्वस्तिक आपल्याला शुभ वाटतं. इथे ते पाहणाऱ्याच्या मनात पहिल्यांदा नाझी झेंडा येतो, आणि मग समजावून सांगायला वेळ मिळेलच असं नाही. देवघरात ठेवा, खुशाल ठेवा. दप्तर, वह्या, डबा, गाडीची काच यांवर मात्र नको. वर्गशिक्षिका भली असेल तर वर्षाच्या सुरुवातीलाच तिला दोन वाक्यांत सांगून ठेवा. बहुतेकींना भारतातल्या चिन्हाची कल्पना असते, पण पालकाच्या तोंडून ऐकलं की त्या मुलाची बाजू घ्यायला तयार राहतात.

३. एक नाव निवडा

शाळांमध्ये नावं वाचण्याची प्रथा आहे. क्नेसेटमध्ये आणि गावोगावी १९८९ पासून ती चालू आहे: एकेक जण पुढे येतो, मारल्या गेलेल्यांची नावं, वय, गाव वाचतो आणि मागे जातो. ज्यांच्या घरातली माणसं गेली ते आपल्या घरची नावं आणतात. आपल्या मुलाने कुठलं नाव आणायचं, याची तजवीज तीन-चार दिवस आधी करा.

शोआची स्मृती जपणाऱ्या जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेच्या संकेतस्थळावर नावांचा शोध घेता येतो. मराठीत नाही, पण हिब्रू, इंग्रजी, रशियन चालतं. ६० लाखांपैकी ५० लाखांच्या आसपास माणसांची नावं तिथे जमा झाली आहेत. शोधताना आडनावापासून सुरुवात करू नका, आपल्याला कुठलंच आडनाव ठाऊक नसतं. गावापासून करा: वॉर्सा, लोद्झ, विल्ना, अॅमस्टरडॅम. ग्रीसमधल्या सालोनिकाचं नाव मी मुद्दाम सुचवते. शोआ म्हणजे फक्त पोलंड, असा मुलांचा समज होतो, आणि सालोनिकाच्या ज्यूंना १९४३ मध्ये गाड्या भरभरून आउशवित्झला नेलं, हे त्यांच्या कानावर येत नाही. वर्गात लिबियाहून आलेल्या घरातली मुलं असतील तर ती तिथल्या जादो छावणीबद्दल सांगतील. आफ्रिकेच्या वाळवंटातही छावणी होती हे ऐकून मोठी माणसंही चमकतात.

गाव ठरलं की आपल्या मुलाच्या वयाच्या आसपासचं कुणी शोधा. आणि शक्यतो ‘दाफ एद’, म्हणजे साक्षीचं पान, असलेलं नाव घ्या. हे पान म्हणजे एक छापील फॉर्म. त्यावर नाव, आईवडिलांची नावं, जन्माचं साल, गाव, मोठा माणूस असेल तर धंदा, युद्धाआधी राहायचं ठिकाण, मृत्यू कुठे आणि कसा, असे रकाने असतात. कुणीतरी ते हाताने भरलेलं असतं, काही पानांवर छोटा फोटो चिकटवलेला असतो. मुलं वरचा भाग वाचतात आणि थांबतात. तुम्ही त्यांना खालचा भाग दाखवा. हे पान कोणी भरलं? त्याचं नातं काय? तिथे ‘बहीण’ असतं, ‘पुतण्या’ असतं, कधी ‘शेजारी’ असतं. पुष्कळदा रकाने मोकळे असतात. भरणाऱ्याला धाकट्या भावाचं जन्मसाल आठवलेलं नसतं, किंवा मृत्यूच्या ठिकाणी नुसतं ‘पोलंड’ लिहिलेलं असतं. सही मात्र ठसठशीत असते. शेजाऱ्याने सही केली याचा अर्थ त्या घरातलं सही करायला कुणी उरलं नव्हतं, हे आठवीतल्या मुलाला न सांगता कळतं. चौथीतल्या मुलाला ते सांगायची घाई करू नका.

एकाच माणसाची दोन-तीन पानं सापडू शकतात, स्पेलिंग वेगवेगळं असतं. गोंधळू नका, दोन नातेवाइकांनी दोन देशांतून भरलेली असतात. मुलाच्या हाती एक छोटं कार्ड द्या: नाव, आईवडिलांचं नाव, गाव, वय, कुठे मारलं. एवढंच. त्यावर कविता नको, रडका चेहरा नको, ‘तू असतास तर माझा मित्र झाला असतास’ असलं काही तर अजिबात नको. आपल्याला माहीत नाही ते त्या मुलाच्या तोंडी घालायचा हक्क आपल्याला नाही. गाव नकाशावर दाखवा, नावाचा उच्चार मेखानेखेतकडून तपासून घ्या आणि घरी दोन-तीनदा मोठ्याने वाचायला लावा. नाव अडखळत वाचलं गेलं की वाचणाऱ्यालाच वाईट वाटतं.

नव्या मुलाला हिब्रूचं दडपण असतं. त्याच्या ओळी देवनागरीत लिहून द्या, काहीही बिघडत नाही. कद्दिशची ओळ ‘यित्गद्दल वेयित्कद्दश शमे रब्बा’ अशी कागदावर असली की आजीलाही बरोबर म्हणता येते. आणि शिक्षिकेला स्पष्ट विचारा, ‘याला एखादी छोटी ओळ द्याल का?’ विचारलं नाही तर नव्या मुलाच्या हाती नुसती मेणबत्ती येते. तीही वाईट नाही, पण ओळ म्हटल्याचा फरक त्याला स्वतःलाच जाणवतो.

४. ‘तुमच्या घरची गोष्ट सांगा’ म्हणाले तर

सातवीच्या सुमारास ‘शोराशीम’ नावाचा घराण्याच्या मुळांचा प्रकल्प असतो. त्यात आणि या आठवड्यातही हा प्रश्न येतो. खरं उत्तर द्या: आमचे लोक शतकानुशतकं कोकणात होते, तेल गाळत होते, शनिवारी घाणा बंद ठेवत होते म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवत होते, आणि ज्यू म्हणून शेजाऱ्यांनी आम्हाला कधी त्रास दिला नाही. हे सांगताना मुलाला ओशाळं वाटू देऊ नका. वर्गासाठी ती नवी माहिती असते.

त्याउपर भारताशी जोडलेल्या काही खऱ्या गोष्टी आहेत. त्यांतली एक तर इतकी मोठी आहे की ती प्रत्येक भारतीय मुलाला यायला हवी. यानुश कोर्चाक हे वॉर्सातले डॉक्टर, लेखक आणि अनाथाश्रमाचे प्रमुख. इथल्या प्रत्येक शाळेत त्यांचं नाव घेतात. घेट्टोत उपासमार चालू असताना, १८ जुलै १९४२ रोजी, त्यांच्या आश्रमातल्या मुलांनी एक नाटक केलं, आणि ते रवींद्रनाथ टागोरांचं ‘डाकघर’ होतं. आजारी, घरात कोंडलेला अमल खिडकीतून जग पाहतो आणि राजाच्या पत्राची वाट बघतो. मुलांना मृत्यूला शांतपणे सामोरं जाता यावं म्हणून कोर्चाकनी ते निवडलं, असं म्हणतात. चार दिवसांनी, २२ जुलैला, वॉर्साहून त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे गाड्या सुटू लागल्या. ऑगस्टच्या सुरुवातीला आश्रमातली सुमारे २०० मुलं नेली गेली. कोर्चाकना वाचवायची तयारी लोकांनी दाखवली होती. ते मुलांना सोडून गेले नाहीत. वर्गात कोर्चाक सगळ्यांना माहीत असतात, नाटक कुणाचं होतं हे फारच थोड्यांना. आपल्या पोराने ते सांगितलं की वर्ग कान टवकारतो.

दुसरी गोष्ट ‘तेहरानच्या मुलां’ची. पोलंडमधून पळून, सोव्हिएत रशिया ओलांडून इराणला पोहोचलेली आठशेहून अधिक ज्यू मुलं, बहुतेक अनाथ, जहाजाने कराचीला आली, तिथून सुवेझला आणि मग रेल्वेने अतलीतला. १८ फेब्रुवारी १९४३ रोजी ती इथे उतरली. कराची तेव्हा हिंदुस्थानात होतं आणि तिथे बेने इस्राएलांची वस्तीही होती.

तिसरी मुंबईची. जर्मनी, ऑस्ट्रिया, चेकोस्लोव्हाकियातून काही ज्यू मुंबईला आश्रयाला आले. काहींना जम बसवता आला, काहींना युद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिशांनी ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ म्हणून नजरकैदेत टाकलं. त्यांच्यातले एक संगीतकार वॉल्टर कॉफमन. आकाशवाणीची सकाळची ओळखीची धून त्यांच्या नावावर आहे. घरी आजी-आजोबा असतील तर त्यांना ती मोबाइलवर ऐकवा, लगेच ओळखतील.

एक सावधगिरी. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची छावणी पुष्कळजण या विषयात घुसडतात. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित राहिले, हे खरं आणि अभिमानाचंही आहे. पण त्यांतले बहुतेक कॅथलिक होते, सोव्हिएत राजवटीने सैबेरियाकडे हाकललेले. त्यांना शोआतून वाचलेले ज्यू म्हणून सादर करू नका. इतिहासाच्या बाई विचारतील आणि पोराची पंचाईत होईल.

५. आदल्या संध्याकाळी

कायद्याने त्या संध्याकाळी करमणुकीची ठिकाणं बंद असतात: सिनेमा, नाटक, बार. वाढदिवसाची पार्टी, केक कापणं पुढे ढकला. रात्री आठला याद वाशेममधला मुख्य तेकेस टीव्हीवर लागतो. शोआतून वाचलेले सहा जण सहा मशाली पेटवतात, दर १० लाखांमागे एक. प्रत्येकाआधी त्याची गोष्ट सांगणारी छोटी चित्रफीत असते. दहा-अकरा वर्षांच्या पुढच्या मुलांनी शेजारी बसून एखाद-दोन मशाली पाहाव्यात. त्याहून लहान मुलांना नको. टीव्ही नुसता चालू ठेवून स्वयंपाकघरात जाऊ नका, कारण त्या रात्री वाहिन्यांवर जुनी दृश्यं येत राहतात आणि एकटं मूल ती पाहत बसतं. मोठ्या मुलांच्या मोबाइलचंही तेच. फोटो शोधून पाहायचेच असतील तर तुमच्या शेजारी बसून.

मकोलेतमध्ये, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, पत्र्याच्या किंवा काचेच्या छोट्या डब्यातली स्मृतीची मेणबत्ती मिळते, ‘नेर नेशामा’. साधारण २४ तास जळते. स्टीलच्या ताटलीत, पडद्यापासून लांब ठेवा. निवडलेल्या नावाचं कार्ड तिच्याजवळ ठेवलं की मुलाला वेगळं काही समजवावं लागत नाही.

त्याच दिवसांत ‘झिकारोन बासालोन’ म्हणून लोकांच्या घरी बैठका होतात. २०११ पासून ही पद्धत रुजली आहे. कुणाच्या तरी दिवाणखान्यात वीस-पंचवीस माणसं जमतात, वाचलेली व्यक्ती किंवा तिची मुलगी बोलते, मग गप्पा होतात. अनोळखी घर असलं तरी संकोच करू नका, नाव नोंदवून जाता येतं. हिब्रू कच्चं असेल तर इंग्रजीतलीही सापडते.

६. सकाळ: तेकेस आणि भोंगा

पांढरा शर्ट, गडद पँट. छपाई किंवा कंपनीचं मोठं नाव असलेला टी-शर्ट चालत नाही. शाळेला सुट्टी नसते. पालकांना बोलावलं आहे की नाही ते आधी विचारा. काही शाळा संध्याकाळी वेगळा तेकेस ठेवतात आणि पालकांना त्यालाच बोलावतात.

शाळेगणिक क्रम थोडा बदलतो, पण ढाचा एकच: पटांगणात किंवा सभागृहात वर्गवार उभं राहणं, झेंडा अर्ध्यावर, दोन मुलं निवेदक, सहा मेणबत्त्या, कविता, नावं, मग यिझकोर, एल मालेय राखामीम, कद्दिश या मृतांसाठीच्या प्रार्थना आणि शेवटी हातिक्वा, म्हणजे राष्ट्रगीत. मागे काळा पडदा. बहुधा हाना सेनेशची कविता गातात. ही हंगेरीची मुलगी इथे किब्बुत्झमध्ये, म्हणजे सामुदायिक शेतवस्तीत, राहायला आली, १९४४ मध्ये पॅराशूटने परत युरोपात उतरली आणि पकडली गेली. तिला गोळ्या घातल्या तेव्हा ती २३ वर्षांची होती. कद्दिशला सगळ्यांनी उभं राहायचं. ज्यू नसलेल्या पालकांनीही नुसतं शांत उभं राहिलं की पुरे. मुलग्यांच्या डोक्यावर किप्पा, म्हणजे छोटी गोल टोपी, हवा असेल तर शाळाच सांगते. टाळी वाजवायची नाही. एखाद्या मुलीने अप्रतिम गायलं तरी नाही. हे आपल्या लोकांना जड जातं, हात आपोआप उचलले जातात.

दहाच्या ठोक्याला देशभर भोंगा वाजतो, दोन मिनिटं. रस्त्यावर गाड्या थांबतात, लोक बाहेर येऊन उभे राहतात, बसचा ड्रायव्हरही उतरतो. शाळेत मुलं हात खाली सोडून, मान खाली घालून उभी असतात. पहिल्या वीस-तीस सेकंदांत लहान मुलांच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसतं, मग शेजारचा हसतो. ते अस्वस्थतेने येतं. अनुभवी शिक्षिका रागावत नाही, जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवते. तुमचं मूल हसलं असं घरी येऊन सांगू लागलं तर तुम्हीही रागावू नका. जवळपासची कुत्री भोंग्याबरोबर रडायला लागतात, ते ऐकून हसू येणं तर अगदीच साहजिक.

रॉकेटच्या भोंग्यांची सवय झालेल्या किंवा धसका घेतलेल्या मुलांना आदल्या रात्रीच सांगा: उद्याचा भोंगा एकाच सुरात, सरळ वाजेल. धोक्याचा असतो तो वर-खाली होतो. सरळ वाजला तर जागच्या जागी उभं राहायचं, वर-खाली झाला तर ममादमध्ये, म्हणजे घरातल्या सुरक्षित खोलीत, जायचं. नव्याने आलेल्या लहान मुलाने कानावर हात ठेवले तरी चालतं.

तुम्ही त्या वेळी बसमध्ये, दुकानात, कामावर असलात तर तुम्हीही थांबा. फोनवर बोलत असाल तर ‘दोन मिनिटांनी करते’ म्हणून ठेवून द्या. भोंग्याचा व्हिडिओ काढून मुंबईला पाठवायचा मोह होतो. इतरांच्या चेहऱ्यांवर मोबाइल रोखू नका.

७. वाचलेल्या व्यक्तीला ऐकताना

शाळेत एखाद्या आजी किंवा आजोबा बोलायला येतात. युद्ध १९४५ मध्ये संपलं, म्हणजे त्यांतले सर्वांत धाकटेसुद्धा आता ऐंशीच्या पुढचे. त्यामुळे हल्ली बऱ्याचदा मुलगी किंवा नातू येतो. मुलाला एक प्रश्न तयार करून द्या, आणि तो छावणीबद्दलचा नसला तरी चालेल. युद्धाआधी घरात कुठला खेळ खेळायचात? शाळेत मैत्रीण कोण होती? इथे आल्यावर पहिल्यांदा कुठे झोपलात? असल्या प्रश्नांवर ती माणसं खुलतात. ‘भीती वाटली का?’ हा प्रश्न नको, तो त्यांना दरवर्षी विचारतात. हातावरचा नंबर दाखवा, असं मुलाने म्हणू नये. त्यांनी बाही वर केली तर पाहावं. आपल्याकडे मोठ्यांना वाकून नमस्कार करतात. मुलाने केलाच तर आजींना बहुधा आवडेल, पण मुद्दाम सांगून करवू नका.

८. घरी आल्यावर, आणि पुढे

जेवताना ‘काय काय झालं?’ एवढंच विचारा. प्रश्न आले तर उत्तरं छोटी ठेवा. ‘देव कुठे होता?’ असं आठवीतलं मूल विचारतं. त्याला मोठमोठे रब्बीही वेगवेगळी उत्तरं देतात, हेच खरं उत्तर आहे. ‘आपल्याला पण मारलं असतं का?’ असं लहान मूल विचारतं. त्याला सांगा की आपण तेव्हा कोकणात होतो, फार लांब होतो, आणि आता तू आमच्याजवळ आहेस. रात्री झोपताना दिवा चालू ठेवायला मागितला तर ठेवा.

ज्यू नसलेल्यांनी जीव धोक्यात घालून ज्यूंना लपवलं, हे मुलांना जरूर सांगा. याद वाशेमने अशा २८ हजारांहून अधिक लोकांचा गौरव केला आहे. त्यांत शेतकरी आहेत, नन आहेत, राजनैतिक अधिकारी आहेत. दोन्ही बाजू ऐकल्या की मुलाला जग निव्वळ भयाण वाटत नाही.

अकरावी-बारावीत पोलंडच्या सहलीचा विषय निघतो. त्यात छावण्या, घेट्टोच्या खुणा, कधीकधी आउशवित्झ ते बिर्केनाऊ अशी पदयात्रा असते. सक्तीची नाही आणि खर्चिक आहे. मूल नको म्हणालं तर त्याला समजावत बसू नका, आणि पैशांमुळे अडत असेल तर शाळेच्या योएत्सेतशी, म्हणजे समुपदेशिकेशी, मोकळेपणाने बोला. मदतीची तरतूद असते, पण ती मागावी लागते. बाग्रूतच्या, म्हणजे शाळान्त परीक्षेच्या, इतिहासात शोआ आहेच, त्यामुळे न गेलेल्याचं अभ्यासात नुकसान होत नाही.

योम हाशोआनंतर आठवडाभराने योम हाझिकारोन येतो, लढाईत आणि दहशतवादी हल्ल्यांत गेलेल्यांचा. तेव्हा भोंगे दोन: आदल्या रात्री आठला एक मिनिट, सकाळी अकराला दोन मिनिटं. नवे लोक दहा आणि अकराची हमखास गल्लत करतात, फोनमध्ये दोन्ही वेळा घालून ठेवा. आणि पांढरा शर्ट धुऊन इस्त्री करून ठेवा, त्या दिवशी परत लागतो.